लाल शर्ट म्हणजे नापास नव्हे

प्रश्न : माझा मुलगा ओहायोत शिकतो. त्याचा रूममेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात आहे. २०२४च्या संघयादीत त्याच्या नावापुढे ‘रेडशर्ट सोफोमोर’ होतं. सोफोमोर म्हणजे दुसरं वर्ष ना? तो तर माझ्या मुलाबरोबर तिसऱ्यात होता. एका वर्षी गटांगळी खाल्ली की काय? त्यालाच विचारायची चोरी!

उत्तर : ताई, खुशाल विचारा, तो हसेल. अभ्यासात तो तिसऱ्यातच होता. मागे राहिला तो फक्त खेळाचा हिशोब. एनसीएए म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांची संघटना, तिच्या वरच्या गटात तेव्हा नियम असा होता : कॉलेजात पाऊल टाकलं की पाच वर्षांचं घड्याळ सुरू, आणि त्यात हंगाम खेळायचे चार. उरलेलं एक वर्ष संघाबरोबर सराव करायचा, व्यायाम करायचा, स्कॉलरशिपही घ्यायची, पण सामन्यांत जवळजवळ उतरायचं नाही. या वर्षालाच म्हणतात ‘रेडशर्ट’, म्हणजे लाल शर्ट. अठराव्या वर्षी आलेल्या पोराला बाविशीच्या दांडग्यांसमोर उभं करण्यापेक्षा हे बरं.

या नावाची कथा नेब्रास्का विद्यापीठाची. १९३७ साली वॉरन आल्फसनने यंदा नुसता सराव करू द्या म्हणून सांगितलं आणि बिननंबरी लाल शर्ट घातला, असं सांगतात. (आज सरावात वेगळ्या रंगाची जर्सी बहुधा क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्याच्या, अंगावर असते. तिचा अर्थ ‘याला पाडू नका’ एवढाच.)

मी नेब्रास्कातल्या लिंकनला शिकत होतो तेव्हा नियम कडक होता : एक डाव, म्हणजे काही सेकंदांची एक चाल, खेळलात की हंगाम खर्ची. एकदा निकाल लागलेल्या सामन्यात शेवटच्या दोन डावांना एका नवख्याला उतरवलं, तर शेजारचे आजोबा प्रशिक्षकाच्या नावाने शंखच करू लागले. मला काही कळेना! २०१८पासून चार सामन्यांपर्यंत मुभा मिळाली. नियम केला नवख्यांसाठी, पण वापरला मुरलेल्यांनीही. त्याच वर्षी क्लेमसन विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केली ब्रायंट चार सामने खेळला, जागा ट्रेव्हर लॉरेन्सला गेली, आणि पाचव्याआधी तो संघ सोडून निघाला. हंगाम वाचला, पुढच्या वर्षी मिझुरीकडून खेळला. चाहते चिडले, मला त्यात त्याचं काही चुकलंसं वाटत नाही.

दुखापतीची सवलत वेगळी. खेळाडू हंगामाच्या पूर्वार्धात जायबंदी झाला आणि तीस टक्क्यांहून जास्त सामने खेळला नसेल, तर तो हंगाम परत मागता यायचा. शिवाय कोविडमुळे २०२०चा हंगाम कुणाच्याच खात्यात धरला नाही. कॅम मॅककॉर्मिकला हे सगळंच लागू पडलं. २०१६ला ओरेगनमध्ये दाखल झालेला हा गडी २०२४ला मायामीकडून नववा हंगाम खेळत होता. आणि तोही नापास झाला नव्हता, बरं का.