८४ ने काय घोडं मारलंय?

पोरा,

काल रंकाळ्याच्या कट्ट्यावर तू एमएच ०९ च्या नंबरप्लेटा बघून मूळ अवयव पाडत होतास. ४१४१, म्हणजे आपली 'दादा'वाली प्लेट, तिचे ४१ गुणिले १०१ तोंडी सांगितलेस. बरं वाटलं. (३५३५ घे, ७२७२ घे, अशा जोडीत १०१ असणारच. का ते तुझं तू बघ.)

वही घरी येऊन निवांत वाचली. वर लिहिलंयस 'तीन मूळ अवयव असलेल्या संख्या' आणि खाली ३०, ४२, ६०, ६६, ७०, ७८, ९०. मग ८४ ने काय घोडं मारलंय? ६० मध्ये २ दोनदा येतो, ८४ मध्येही दोनदाच. दोनदा आलेला एकदाच धरणार असशील तर दोघींना आत घे. दोनदा धरणार असशील तर दोघी बाहेर, ९० सुद्धा बाहेर, आणि ८, १२, १८, २० दारात उभ्या. या क्रमिका दोन आहेत, तू त्यांची भेळ केलीयस. मोजायचं कसं ते पहिल्या ओळीत लिही, मग पेन चालव.

३३, ३४, ३५ या तिघींचे दोन-दोनच अवयव, हे झकास हेरलंस. दोनदा आलेला दोनदा धरलास, तर सलग चार मात्र शोधत बसू नकोस. चारांत एकीला ४ ने भाग जातोच, आणि तिचे दोनच अवयव असायचे तर ती खुद्द ४ हवी. तिच्या शेजारी ३ आणि ५. संपलं.

शेवटच्या पानावर तू लिहिलंस: '१००० पर्यंत तपासलं. विषम अवयववाल्या (म्हणजे ज्यांचे मूळ अवयव मोजले तर आकडा विषम येतो त्या) संख्या मोजणीत समवाल्यांच्या मागे पडत नाहीत. नियम सिद्ध.' हे 'सिद्ध' खोड. पोल्या या गणितज्ञानं १९१९ मध्ये हाच अंदाज मांडला होता, पुन्हा आलेले अवयव पुन्हा मोजून आणि १ ला समवाल्यांत धरून. २ पासून पुढे कुठंही थांबलं तरी हिशेब जुळायचा. १९५८ मध्ये हेझलग्रोव्हनं तो मोडतो हे दाखवलं, आणि नेमका पहिल्यांदा कुठं मोडतो ते तनाकानं १९८० मध्ये काढलं: ९०,६१,५०,२५७ ला! एवढा वेळ खरं वाटत राहिलेलं खोटं. तुझ्या हजाराचं काय घेऊन बसलास?

रविवारी दोन्ही याद्या १०० पर्यंत हातानं करून आण, मोबाइल घरी ठेवून. मिसळ माझ्याकडून. आणि तुमच्या गल्लीतल्या बुलेटवर ती 'बॉस'वाली ८०५५ आहे ना, ती कुठल्या यादीत बसते ते आल्या आल्या सांग.

तुझा,
सर