१२ हजारांची इलेक्ट्रिक गिटार सुरात राहत नाही. ट्यूनर, ब्रिज की पिकअप, आधी काय बदलू?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: स्ट्रॅटच्या (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टरच्या) घाटाची, १२ हजारांची गिटार आहे, दोन गाणी वाजवली की बेसूर होते, खर्चाला ५ हजार आहेत. लॉकिंग ट्यूनर (तार चिमटून धरणाऱ्या खुंट्या) घ्यावेत, ब्रिज (बॉडीवर तारा जिथे टेकतात तो भाग) बदलावा की पिकअप (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग)?

यातलं काहीच अजून मागवू नका. घरात शिसपेन्सिल असेल ती शोधा.

चेष्टा करत नाहीये. माझ्या पहिल्या गिटारचं अगदी हेच दुखणं होतं आणि मी सरळ लॉकिंग ट्यूनर मागवले, कारण व्हिडिओंमध्ये सगळे तेच सांगत होते. पार्सल आलं तेव्हा कळलं की नव्या ट्यूनरना १० मिमीचं भोक लागतं आणि माझ्या हेडस्टॉकला (खुंट्या बसवलेल्या वरच्या टोकाला) साधारण साडेआठचं होतं. सुताराकडून ड्रिल आणलं. तिसऱ्या भोकाला बिट अडकलं आणि पॉलिशचा नखाएवढा टवका उडाला. (भोक मोठं करायची वेळ आलीच तर हाताने फिरवायचा रीमर वापरा.) एवढा खटाटोप करून ट्यूनर बसले, दिसायला झकास, आणि पहिल्याच बेंडनंतर (तार बोटाने आडवी ओढून सूर चढवला की) तिसरी तार पुन्हा उतरली.

दोष ट्यूनरमध्ये नव्हताच, नटमध्ये होता. मानेच्या टोकाला, जिथून तारा हेडस्टॉककडे जातात, तिथली ती पांढरी पट्टी म्हणजे नट. स्वस्त गिटारला ती बहुतेक वेळा प्लास्टिकची असते आणि तिच्या खाचा घाईत कापलेल्या असतात. अरुंद खाचेत तार अडकते. बेंड केलं की थोडी तार नटमधून फ्रेटबोर्डकडे (मानेच्या, धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट बसवलेल्या बाजूकडे) ओढली जाते, ती मागे सरकत नाही आणि सूर उतरतो. ट्रेमोलोचा, म्हणजे ब्रिज हलवायचा दांडा दाबून सोडला की नेमकं उलटं होतं: ढिली पडलेली तार हेडस्टॉककडे खेचली जाते, तिथेच राहते आणि सूर चढतो.

हे तपासायला पैसे लागत नाहीत. मोबाइलवरच्या अ‍ॅपने सूर मिळवा आणि तिसरी तार जोरात बेंड करा. उतरली? आता नट आणि खुंटी यांच्या मधल्या भागात त्याच तारेवर बोट दाबून सोडा. सूर जागेवर आला, तर तार नटमध्येच अडकतेय. असं करूनही सूर खालीच राहिला आणि दर वेळी आणखी उतरत गेला, तर तार खुंटीवर घसरतेय किंवा नवी तार अजून पुरती ताणली गेलेली नाही. जाड तारांना दोन, बारीक तारांना तीन वेढे पुरतात, फक्त ते एकमेकांवर चढू देऊ नका. नव्या तारा चढवल्या की हाताने ओढायच्या, सूर मिळवायचा, पुन्हा ओढायच्या, असं चार-पाच वेळा. मी पाहिलेल्या निम्म्या ‘खराब’ गिटार एवढ्यावरच सुधारल्या.

पेन्सिल आता. तार बाजूला करून खाचेत टोक घासा, तार परत बसवा. माझी आत्या गाणं शिकवते. तिच्या मिरजेच्या तंबोऱ्याची लाकडी खुंटी सुटायला लागली की ती खुंटीला खडू लावते. मला पेन्सिल घासताना बघून म्हणाली, “अरे, आम्ही घसरू नये म्हणून लावतो, तू घसरावं म्हणून लावतोस!” बरोबरच होतं तिचं.

पेन्सिलीने फरक पडला, पण आठवड्यात पहिले पाढे पंचावन्न, तर मात्र नट बदला. माझ्या मते तुमच्या ५ हजारांतला पहिला खर्च हाच. हाडाचा तयार नट काही शेकड्यांत मिळतो, ग्राफ टेक कंपनीचा ‘टस्क’ हा कृत्रिम नट थोडा महाग. पण नटपेक्षा तो बसवणाऱ्याच्या हाताचे पैसे जास्त मोलाचे. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवर बघा: तार आणि फ्रेट यांच्यात जेमतेम कागद जाईल एवढी फट हवी. फट जास्त असेल तर पहिल्या दोन फ्रेटवर वाजवताना सूर चढतो. मोकळ्या तारा अ‍ॅपमध्ये बरोबर आणि साधा सी कॉर्ड मात्र कानाला टोचतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे. हौस असेल तर खाचा स्वतः घासता येतात. खास फाइल महाग पडतात. गॅस वेल्डिंगचं नोझल साफ करायच्या काड्यांचा संच हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, त्याने काम होतं. खाच चुकून जास्त खोल गेली तर चिमूटभर खाण्याचा सोडा आणि फेविक्विकचा थेंब. दगडासारखं घट्ट होतं, परत घासता येतं. मला हे दोनदा करावं लागलं, लपवत नाही.

ब्रिजबद्दल मात्र सावध राहा, कारण इथे पैसे सगळ्यात सहज वाया जातात. ‘स्ट्रॅटला बसणारा’ असं दुकानदार लिहितो, पण स्ट्रॅटचे ब्रिज एका मापाचे नाहीत. ब्रिजला समोरून सहा स्क्रू असतील, तर पहिल्या स्क्रूच्या मध्यापासून सहाव्याच्या मध्यापर्यंत मोजा. जुन्या अमेरिकन पद्धतीत हे अंतर ५६ मिमीच्या आसपास असतं, स्वस्त आयात गिटारला अनेकदा ५२.५, काहींना ५४. साडेतीन मिमीचा फरक जुळवून घेता येत नाही. भोकं बुजवून नवी पाडावी लागतात. दुसरं माप बॉडीच्या जाडीचं. पूर्ण जाडीची स्ट्रॅट साधारण ४४-४५ मिमी असते, पण स्वस्तातल्या काही त्याहून बारीक असतात. त्यात पूर्ण उंचीचा स्टीलचा ब्लॉक (ब्रिजखालचा ठोकळा) घातला तर तो मागून बाहेर डोकावतो आणि झाकण बसत नाही. तिसरं, दांड्याचे आटे: आयात ब्रिजचा दांडा बहुधा मेट्रिक, अमेरिकन ब्रिजचा इंची. जुना दांडा नव्या ब्लॉकमध्ये जबरदस्तीने फिरवलात तर दोन्ही जातील.

आणि ट्रेमोलो तुम्ही खरंच वापरता का? १९५४ साली लिओ फेंडरने या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. खरं तर ती स्वर हलवते, म्हणजे व्हायब्रॅटो. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहान-मोठा होणं. असो. तुम्ही दांडा कपाटात ठेवून दिला असेल (बहुतेकांचं तेच होतं), तर मागचं झाकण काढा, पाच स्प्रिंग लावा आणि ज्या पट्टीला त्या अडकतात तिचे दोन स्क्रू ब्रिज बॉडीला टेकून बसेपर्यंत आवळा. बेंड करताना बाकीच्या तारा उतरायच्या थांबतील.

मुंबई-कोकणात राहत असाल तर सॅडलच्या (ब्रिजवर प्रत्येक तार टेकते त्या छोट्या तुकड्याच्या) उंचीचे बारीक स्क्रू एकदा नक्की बघा. खाऱ्या हवेत आणि पावसाळ्यात तेच आधी गंजतात. आयात गिटारना बहुधा दीड मिमीची अ‍ॅलन की लागते. घट्ट बसले असतील तर थेंबभर तेल सोडून रात्रभर ठेवा, नाहीतर कीचं तोंड गोल होतं. नुसते स्टेनलेसचे स्क्रू घातले तरी अख्खा ब्रिज बदलायची गरज उरत नाही. मी तेवढंच केलं.

ट्यूनर शेवटी. बटन थोडं फिरलं तरी सूर हलत नसेल तर आधी समोरच्या बाजूची षटकोनी बुशिंग (ट्यूनर धरून ठेवणारी कडी) पान्याने आवळून बघा, बहुतेक गिटारना १० मिमीचा पाना लागतो. सूर नेहमी खालून वर मिळवायचा. वर गेला तर उतरवून परत चढवायचा. तरीही घसरत असतील तर बदला. लॉकिंग ट्यूनरचा खरा फायदा तारा पटकन बदलता येण्यात आहे, त्यांच्यामुळे नटमधली तार मोकळी होत नाही. मागवण्याआधी भोकाचा व्यास व्हर्नियरने मोजा आणि मागच्या स्क्रूची जागा जुळते का ते बघा.

पिकअपचं घाईने करू नका. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपर्यंतचं अंतर मोजा: सिंगल कॉइलला (एकाच वेटोळ्याच्या पिकअपला) जाड तारेच्या बाजूला साधारण २.४ मिमी, बारीक बाजूला २ मिमी, आणि तिथून कानाने ठरवा. दोन स्क्रू फिरवून आवाज इतका बदलतो की नवे पिकअप घ्यायचा विचार बरेचदा बारगळतो. खरखर येत असेल तर जॅक (केबल खुपसायची जागा) आणि पॉट (नॉबखालचा, आवाज कमी-जास्त करणारा भाग) बघा. जॅक आवळायचा नट (मानेवरचा तो नव्हे) सैल झाला की जॅक फिरतो आणि आतली वायर तुटते. जॅक स्वस्त आहे, सोल्डरचा टाका मारणारा कोपऱ्यावर मिळतो. पॉट बदलणार असाल तर सिंगल कॉइलला २५० के (किलोओहम) घ्या, पण भोक आणि नॉब तपासा. मोठ्या पॉटला साधारण साडेनऊ मिमीचं भोक लागतं आणि मेट्रिक नॉब त्याच्या दांडीवर नीट बसत नाही.

पट्ट्याचं बटन डुगडुगत असेल तर भोकात काडेपेटीची काडी, फेविकॉल, रात्रभर वाळवण. मी हे उशिरा शिकलो, गिटार फरशीवर पडल्यावर.

तुमच्या जागी मी हाडाचा नट आणि तो बसवायची मजुरी, ०.००९ ते ०.०४२ इंच जाडीच्या तारांचे दोन संच, एक नवा जॅक एवढं करून थांबलो असतो. त्यानंतरही ब्रिज बदलावासा वाटला तर पहिल्या ते सहाव्या स्क्रूचं अंतर आणि बॉडीची जाडी मोजून इथे खाली लिहा, कुठल्या मापाचा घ्यायचा ते सांगतो.