सुशिक्षित माणसावरसुद्धा आधुनिक मीडियाच्या, म्हणजे पेपर, टीव्ही चॅनेल वगैरेंच्या, प्रचाराचा परिणाम होतो का? होत असेल तर त्यातून सुटायचं कसं?

होतो. आणि सुशिक्षितावर जरा जास्तच होतो, कारण ज्याला वाचता येत नाही तो पेपर बाजूला ठेवतो आणि सुशिक्षित माणूस पेपर वाचून झाला की दिवसभर दुसऱ्याला सांगत सुटतो.

मी कोण ते आधी सांगतो. आमची पेपरची एजन्सी आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात, एसटी स्टँडच्या बाहेर, वडिलांपासूनची. गावाचं नाव सांगत नाही, का ते पुढे कळेल. पहाटे पार्सल गाडी गठ्ठे टाकून जाते, मग आम्ही पोतं अंथरून मुख्य अंकात पुरवण्या भरत बसतो आणि पोरं आपापली लाईन घेऊन सायकलवर निघतात. गिऱ्हाईक एक पेपर धरतो तो आयुष्यभर तोच धरतो, त्यामुळे सगळे पेपर शेजारी शेजारी ठेवून बघणारा माणूस गावात एकच, तो म्हणजे एजंट.

2009 ची विधानसभा. मतदान 13 ऑक्टोबरला होतं आणि प्रचार अगदी भरात आलेला. पुरवण्या भरताना एका उमेदवारावरचा पानभर लेख दिसला, 'विकासाचा ध्यास घेतलेलं नेतृत्व' या छापाचा. निवडणुकीत असले लेख येणारच, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग दुसऱ्या पेपरचा गठ्ठा सोडला तर त्यातही तोच लेख. विषय तोच असता तर मी काही बोललो नसतो, पण शब्दन् शब्द तोच होता. आणि मजा म्हणजे त्यात एका रस्त्याची चूक होती, आमच्या दोन गावांना जोडणारा रस्ता उमेदवारानं केला असं लिहिलेलं, पण लिहिणाऱ्यानं एका गावाचं नाव भलतंच घातलेलं, ते गाव दुसऱ्या तालुक्यातलं, तिकडे हा रस्ता जातच नाही. तीच चूक दोन्ही पेपरात. एकात वर लिहिलेलं 'खास प्रतिनिधी', दुसऱ्यात 'वार्ताहर'. दोन्ही पेपरांचे मालक एकमेकांचं तोंड बघत नाहीत अशी ख्याती, पण रस्ता मात्र दोघांचा एकाच ठिकाणी चुकला.

आता कोणी म्हणेल वृत्तसंस्थेची बातमी असेल, म्हणजे एकाच ठिकाणाहून सगळ्या पेपरांना पुरवलेली. तशी असली की पीटीआय किंवा वृत्तसंस्था असं छापलेलं असतं, ते आम्हाला कळतं. आणि प्रेसनोट जशीच्या तशी छापणं हे तर रोजचंच आहे, आमच्याकडे साखर कारखान्याची वार्षिक सभा कायम 'खेळीमेळीत' पार पडते, भले व्यासपीठाकडे खुर्च्या उडालेल्या असोत. त्याला कोणी फसत नाही, कारण सभेला गेलेला माणूस घरोघरी असतो. हा प्रकार वेगळा होता. पानाचे पैसे घेऊन त्याला बातमीचा पोशाख घातलेला होता आणि कुठेही 'जाहिरात' असं छापलेलं नव्हतं.

तेवढ्यात आमचे दाजी आले. थोरल्या बहिणीचे मालक, हायस्कूलला मास्तर, इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. रोज फिरून येताना दुकानात चहा आणि पेपर. मी दोन्ही पानं त्यांच्यापुढं पसरली, रस्त्यावर बोट ठेवलं, म्हटलं बघा दाजी, चोरी कशी सापडली. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचली आणि म्हणाले, "अरे पण दोन्ही पेपरात आलंय म्हणजे काहीतरी असणारच की. एखादा खोटं लिहील, दोघं कशाला लिहितील?"

मी गप्पच झालो. म्हणजे जो पुरावा मी लबाडीचा म्हणून दाखवत होतो तोच त्यांना खरेपणाचा पुरावा वाटला, आणि हा माणूस पोरांना नागरिकशास्त्र शिकवत होता.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते इथेच आहे. माणूस बातमी तपासत नाही, तोंडं मोजतो. चार जणांनी सांगितलं की झालं. ती चार तोंडं एकाच्याच पैशावर बोलतायत का, हे कोणी बघत नाही. एका विहिरीला चार नळ लावले म्हणून चार विहिरी होत नाहीत.

पुढे कळलं की हे आमच्या तालुक्यापुरतं नव्हतंच. त्याच निवडणुकीनंतर पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मध्ये लिहिलं की तेव्हाचे मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांच्यावरचा एकच मजकूर एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या पेपरांत जसाच्या तसा आला होता, आणि निवडणूक खर्चात पेपरच्या जाहिरातींवर दाखवलेले पैसे होते 5,379 रुपये. (2014 मध्ये निवडणूक आयोगानं या खर्चावरून चव्हाणांना नोटीस काढली होती, ती दिल्ली हायकोर्टानं रद्द केली, म्हणजे चव्हाणांवर काही शाबित झालेलं नाही हेही सांगतो.) पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलनं दोन सदस्यांची समिती नेमून 2010 मध्ये पेड न्यूजवर, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर, मोठा अहवाल तयार करून घेतला आणि स्वतःच दाबून ठेवला, पूर्ण अहवाल बाहेर यायला 2011 साल उजाडलं. पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेनंच पेपरांवरचा अहवाल लपवला, यावर अजून काय बोलणार.

आमच्याकडं पॅकेज, म्हणजे उमेदवाराच्या बातम्यांचा ठोक सौदा, कसं चालायचं ते एका बातमीदारानं दुकानात बसून सांगितलेलं. त्या बिचाऱ्याला मानधन नावापुरतं, खरी कमाई जाहिरातीच्या कमिशनवर, म्हणजे ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याच्याकडेच दिवाळी अंकाची जाहिरात मागायला जायचं. निवडणुकीत वरून निरोप यायचा. मुलाखत, पदयात्रा, सभा, कौल कुणाकडे हे सांगणारा लेख, सगळ्याचा दर ठरलेला. आणि ज्यानं पॅकेज घेतलं नाही त्याच्यावर टीका बिका काही नाही. तो पेपरातून गायबच. आमच्या तालुक्यात एक साधा कार्यकर्ता अपक्ष उभा होता, गावोगाव फिरत होता, त्याच्या सभेला मी स्वतः गेलेलो, माणसं बऱ्यापैकी होती. दुसऱ्या दिवशी एकाही पेपरात ओळ नाही. नंतर बिल वसुलीला गेलो तर एक गिऱ्हाईक मला विचारतंय, "तो अजून उभा आहे का बसला?" म्हणजे माणसानं अर्ज मागं घेतला असं लोकांनी पेपर न बोलल्यावरून ठरवून टाकलं. खोटं छापलं तर कोणीतरी भांडायला येतं, छापलंच नाही तर भांडायचं कशावरून?

हे परदेशात पण असंच चालतं, उगाच आपल्याच लोकांना नावं ठेवू नका. इराकनं कुवेत बळकावल्यावर 1990 च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन खासदारांसमोर कुवेतची नायिरा नावाची पंधरा वर्षांची मुलगी रडत रडत सांगत होती की इराकी सैनिकांनी दवाखान्यात बाळांना काचेच्या पेटीतून काढून जमिनीवर टाकलं. ते राष्ट्राध्यक्ष बुशनी सांगितलं, सिनेटर्सनी सांगितलं, मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या अ‍ॅम्नेस्टी संस्थेनंसुद्धा आधी उचलून धरलं, टीव्हीवर तर सारखंच. एवढी मोठी मोठी तोंडं म्हटल्यावर कोण शंका घेणार? जानेवारी 1991 मध्ये अमेरिकेचं इराकशी युद्ध सुरू झालं. आणि 1992 मध्ये बाहेर आलं की ती कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूताचीच मुलगी, आणि सगळा कार्यक्रम हिल अँड नोल्टन या पीआर, म्हणजे प्रसिद्धीची कामं घेणाऱ्या, कंपनीनं पैसे घेऊन बसवलेला. पेटीची गोष्ट नंतर शोधणाऱ्यांना खरी सापडली नाही. 2018 मध्ये तिकडेच सिंक्लेअर कंपनीच्या डझनावारी लोकल चॅनेलांवर वेगवेगळ्या गावचे निवेदक एकच मजकूर वाचत होते, आणि मजकूर काय, तर खोट्या बातम्यांपासून सावध राहा. कोणीतरी सगळे व्हिडिओ एकाला एक जोडले तेव्हा लोकांना कळलं. ते काम आमच्याकडे पुरवण्या भरताना फुकट होतं.

आता दाजींचं पुढचं ऐका, कारण तुम्ही 'आधुनिक' म्हणालात आणि आधुनिक म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपच. रिटायर झाल्यावर दाजी ग्रुपवाले झाले. नातेवाईकांचा ग्रुप, माजी शिक्षकांचा, भजनी मंडळाचा, कॉलनीचा. एकच मेसेज चारी ग्रुपवर येतो आणि ते मला फोन करून सांगतात, "अरे सगळीकडे आलंय." सगळीकडे म्हणजे तेच चार ग्रुप, आणि त्यातल्या दोनवर यांनीच टाकलेलं असतं. 1977 मध्ये अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हॅशर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पोरांवर प्रयोग केला होता, खरीखोटी विधानं मिसळून दोन दोन आठवड्यांच्या अंतरानं वाचून दाखवली, तर जी परत परत कानावर आली ती पोरांना जास्त खरी वाटायला लागली, खरी असोत नाहीतर खोटी. यात डिग्रीचा काही संबंध नाही.

2022 च्या पावसाळ्यात 'मुलं पळवणारी टोळी आली आहे' हा मेसेज सगळ्यांच्या फोनवर होता. दाजींनी आमच्या घरच्या ग्रुपवर टाकला, साधूच्या वेशात फिरतात वगैरे. मी लिहिलं की दाजी, 2018 ला धुळ्याकडे राईनपाड्यात असल्याच मेसेजवरून आठवडी बाजारात भिक्षा मागायला आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावानं ठार मारलं, त्यातली बहुतेक आपल्या शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातली माणसं होती, तेव्हा फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीतल्या जनजागृतीच्या जाहिरातीचा होता, शेवटचा खुलासा कापून टाकलेला. त्यानंतरच तर व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल असं केलं. दाजींचं उत्तर : "काळजी घेतलेली बरी." आणि खाली हात जोडलेले.

सप्टेंबरमध्ये आपल्याच जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावात, उत्तर प्रदेशातल्या चार साधूंना लोकांनी पट्ट्यानं, काठीनं मारलं. पंढरपूरला निघालेले, वाटेत एका पोराला रस्ता विचारला एवढंच कारण. जीव वाचला हे नशीब. त्यांनी तक्रारसुद्धा केली नाही. मी त्याची बातमी ग्रुपवर टाकली तर दाजी म्हणाले, चौकशी न करता मारायला नको होतं. अहो पण चौकशी न करता पाठवायला पण नको होतं ना? हे मी तेव्हा लिहिलं नाही, बहिणीचं घर आहे. म्हणून इथे लिहितोय.

बाकी उपाय म्हणाल तर फार काही नाहीत. बातमी चार ठिकाणी दिसली की मूळ कुठलं ते बघा, शब्द तेच असले तर ती एकच बातमी आहे, चार नाहीत. निवडणुकीत कोणाचं कौतुक चाललंय त्यापेक्षा कोण पेपरात दिसतच नाही ते शोधा. कधीतरी महिनाभर शेजाऱ्याबरोबर पेपर बदलून वाचा. आणि पेपर विकत घ्या, कारण तुम्ही देता त्या पाचसहा रुपयांत अंकाचा खर्चही निघत नाही, उरलेले पैसे जो देतो पेपर त्याचं ऐकतो. मी पेपर विकतो म्हणून असंच सांगणार हे उघड आहे, पण म्हणून ते खोटं ठरत नाही.

एक गोष्ट सांगायला पाहिजे नाहीतर दाजी म्हणतील लपवली. तो दोन पेपरवाला उमेदवार पडला. दाजी आजही प्रत्येक वादात हा हुकमाचा एक्का काढतात, "बघ, लोक मूर्ख नसतात, पेपर वाचून कोण मत देत नाही." दाजी, जो निवडून आला त्याचं पॅकेज तिसऱ्या पेपरात होतं, आणि त्या पेपरचा खप आपल्या तालुक्यात सगळ्यात जास्त आहे, हे मला विचारा, गठ्ठे मी उतरवतो. मतं जात, भावकी, कारखान्याचा ऊस, नातीगोती यांच्यावरच ठरतात हे मलाही मान्य आहे, एका लेखानं कोणी पक्ष बदलत नाही. पण मैदानात दोघंच आहेत असं लोकांना वाटलं ते कशामुळं? त्या अपक्षाचं डिपॉझिट गेलं.

आणि सगळे बातमीदार विकले गेलेत असं माझं म्हणणं नाही. ज्यानं मला दर सांगितले तो स्वतः पुढे हे काम सोडून गेला, आता दुधाचं संकलन केंद्र चालवतो आणि म्हणतो इथे निदान फॅट मशीनवर दिसते.

टीव्ही चॅनेलचं तुम्ही विचारलंय त्यावर मी काही लिहीत नाही, तो माझा धंदा नाही आणि आमच्या घरी संध्याकाळी रिमोट माझ्याकडे नसतो. कुठले दोन पेपर, कुठला उमेदवार हे विचारू नका. अजून सगळ्यांचे गठ्ठे माझ्याच दुकानापुढं पडतात.