आठ खाटांचं घर, सहा खाटांचा हिशेब

पुण्यात बंगला भाड्यानं घेऊन व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्या आठ जणांना परवडेल अशा दरात ठेवायचं, तर पैसे कसे बसवायचे, असं तुम्ही विचारलंय. माझं पहिलं सांगणं: हिशेब आठांचा नको, सहांचा करा.

समजा भाडं ४०,०००, वीज-पाणी-गॅस ८,०००, दुरुस्ती ४,००० आणि जेवण माणशी ३,५००. आठ जणांचे ८०,०००, म्हणजे माणशी १०,०००. दोन खाटा रिकाम्या झाल्या की खर्च ७,००० नं घटतो, जमा २०,००० नं. महिन्याला १३,००० ची तूट. आणि खाटा रिकाम्या होणारच; कुणाला गावाकडे नोकरी लागते, कुणाची स्लिप होते, म्हणजे तो पुन्हा व्यसन करतो. तूट आली की चालवणारा स्लिप झालेल्याकडे काणाडोळा करू लागतो, कारण त्याचे पैसे हवे असतात. त्यात बाकीचेही घसरतात. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते. म्हणून सहा जणांतच ७३,००० चा खर्च निघेल असे माणशी १२,२०० घ्या आणि घर भरलेलं असताना उरेल ते वेगळ्या खात्यात टाका.

वॉर्डनला १८,००० पगार दिलात, तर सहा जणांत माणशी ३,००० आणखी वाढले. अमेरिकेतल्या ऑक्सफर्ड हाउसनं, म्हणजे व्यसनातून सावरणाऱ्यांनी स्वतःच चालवलेल्या घरांनी, हा खर्चच ठेवला नाही. १९७५ मध्ये मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगला व्यसनातून सावरणाऱ्यांचं एक सरकारी निवास बंद होत होतं, तेव्हा तिथं राहणाऱ्या पॉल मॉलॉय आणि सोबत्यांनी ती जागा स्वतः भाड्यानं चालवायला घेतली. खजिनदार राहणाऱ्यांतूनच मतदानानं निवडायचा, भाडं सगळ्यांनी वाटून भरायचं, पुन्हा व्यसन केलं तर लगेच घराबाहेर. डीपॉल विद्यापीठानं १५० जणांवर केलेल्या अभ्यासात, दोन वर्षांनी या घरांत पाठवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के पुन्हा व्यसन करत होते. नेहमीच्या पद्धतीनं सोडलेल्यांत ६५ टक्के.

खरी अडचण डिपॉझिटची. तिकडे १९८८ च्या कायद्यानं राज्यांना १ लाख डॉलरचा फिरता निधी ठेवायला लावला. सहा किंवा जास्त जणांच्या गटाला ४,००० डॉलरपर्यंत कर्ज मिळे, दोन वर्षांत हप्त्यांनी फेडलं की तेच पैसे पुढच्या घराला. तुम्हाला देणगीदार भेटला तर जेवणासाठी मागू नका, डिपॉझिटसाठी मागा. जेवणाचे पैसे महिन्यात संपतात. डिपॉझिट परत येतं आणि दुसरं घर उभं करतं.

सही करण्याआधी करार वकिलाला दाखवा. काळजी किंवा पुनर्वसनासाठी माणसं ठेवणाऱ्या जागाही २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याच्या व्याख्येत येऊ शकतात, मग नोंदणी लागते. आणि घरमालकाला कोण राहणार आहे ते आधीच खरं सांगा. मागाहून कळलं तर आठही जण एकदम रस्त्यावर येतील.