दोन पेट्या, त्याही सातेरीच्या

प्रश्न : संगमेश्वरजवळ आमची आंबा-काजूची लहानशी बाग आहे. मधमाश्या पाळायचं मनात आहे. ओळखीतले म्हणतात, मेलिफेरा या परदेशी माशीच्या 10 पेट्या घ्या, मध भरपूर मिळेल. सुरुवात कशी करू? – एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, 10 चा आकडा तूर्त सोडा. 2 पेट्या घ्या, त्याही सातेरी या देशी माशीच्या. मेलिफेरा मध जास्त देते हे खरं, पण तिची भूकही तशीच. तिचे मधपाळ ट्रकमध्ये पेट्या घालून मोहरी-सूर्यफुलामागे गावोगाव फिरतात. ते तुम्हाला जमायचं नाही. सातेरी आपल्याच रानातली. पेटीमागे वर्षाला 5-7 किलो मध उतरला तरी चांगलं म्हणा.

दोन अशासाठी, की एकीतली राणी गेली तर दुसरीतली ताज्या अंड्यांची फ्रेम (पोळ्याची चौकट) तिच्यात ठेवता येते. कामकरी माश्या त्यातून नवी राणी वाढवतात. अंड्यापासून 16 दिवसांत ती बाहेर पडते.

दिवाळीनंतर सुरू करा, पुढे फुलोराच फुलोरा. पेटी काजूच्या बाजूला, सकाळचं ऊन मिळेल अशी ठेवा. स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या हव्यातच, नाहीतर मुंग्या चढल्याच. आंब्याकडे मात्र जपून. मोहोरावर तुडतुड्यासाठी मारतात त्या औषधांनी माश्या मरतात. फवारायचंच असेल तर दिवेलागणीला, माश्या परतल्यावर. शेजाऱ्यांनाही सांगून ठेवा, माशीला तुमचा गडगा कळत नाही.

खरी परीक्षा पावसाळ्यात. बाहेर फुलं नाहीत, आत मध नाही, की सातेरी सरळ घर सोडून जाते. म्हणून सगळा मध काढायची हाव नको. आषाढ-श्रावणात साखर आणि पाणी समभाग घेऊन पाक करा, वाटीत घालून पेटीच्या आत ठेवा, वर चार काड्या टाका म्हणजे माश्या बुडत नाहीत. पाक संध्याकाळीच द्या, आणि सांडू नका. वासाने दुसऱ्या पेटीच्या माश्या लुटायला येतात. माश्यांनी सोडलेली रिकामी पोळी काढून टाका, मेणकिडा तिथूनच शिरतो.

अनुदान आहे म्हणून पेट्या घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. वर्षभराने त्यात कांदे भरलेले असतात. आधी महाबळेश्वरच्या मध संचालनालयात प्रशिक्षणाची चौकशी करा. डंख बसणारच, काटा लगेच नखाने खरवडून टाकायचा. पण घरात कुणाला माशी चावल्यावर अंगभर गांधी उठून धाप लागत असेल, तर पेटी आणण्याआधी डॉक्टरांना विचारा.