वाचकांचे प्रश्न : बाकं आहेत, पण गप्पा नाहीत

प्रश्न : नाशिकच्या इंदिरानगरमधल्या आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत भिंतीलगत ओळीने सहा बाकं आहेत. लोक येतात, मोबाइल बघतात, उठून जातात. कडुनिंबाला गोल पार बांधला तर ओळखी वाढतील का?

उत्तर : पूर्ण गोल पारावर सगळ्यांची पाठ खोडाकडे आणि तोंडं बाहेर होतात. दोघांचं जमतं, तिसरा आला की माना वळवाव्या लागतात. त्यापेक्षा झाडाच्या पूर्वेला, जिथे संध्याकाळची सावली पडते तिथे, आत तोंड होईल असा अर्धगोल कट्टा करा. उंची दीड फूट, रुंदी पावणेदोन फूट. समोरासमोरचं अंतर सात-आठ फुटांच्या आत ठेवा. आवाज चढवावा लागला की गप्पा आटोपतात. वर काळी कडप्पा नको, ती ऊन उतरल्यावरही तापलेली राहते. खोडाभोवती चार फूट माती उघडी सोडा आणि बुंध्यावर भर घालू नका, साल कुजते.

पण आधी खर्च करूच नका. दोन बाकं काटकोनात मांडा, मध्ये गुडघ्यांपुरती दोन फूट फट. बोलायचं तर तोंड समोर, नसेल बोलायचं तर नजर सहज दुसरीकडे. ही मोकळीक असली तरच नवखा माणूस टेकतो. सोबत पंधरा दिवस दहा-बारा प्लॅस्टिकच्या खुर्च्या ठेवा आणि लोक त्या ओढून कुठे नेतात तिथे फक्कीने खूण करा. कट्टा तिथेच. शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७०च्या दशकात न्यूयॉर्कच्या चौकांत चित्रीकरण केलं, तेव्हाही हेच दिसलं : सुटी खुर्ची मिळाली की माणूस ती जराशी सरकवूनच बसतो.

बोलायला निमित्तही लागतं. गंगाघाटावर बुधवारच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून अनोळखी माणसं बोलू लागतात. कॉलनीत ते निमित्त म्हणजे लहान मुलं. कट्ट्यासमोर दहा बाय दहाचा, फूटभर खोल वाळूचा खड्डा करा. रात्री ताडपत्री टाका, नाहीतर मांजरं घाण करतात.

प्रश्न : अंधार पडला की बायका थांबत नाहीत. हायमास्ट लावावा का?

उत्तर : नको. उंचावरच्या प्रखर दिव्याने झाडांखाली गडद सावली पडते आणि नेमके चेहरे दिसत नाहीत. पायवाटेच्या कडेने दहा-बारा फुटी खांब लावा. रस्त्याकडचं मेंदीचं कुंपण छाटून अडीच फूट उंचीवर आणा, म्हणजे आतलं बाहेरून दिसेल. झाडांच्या फांद्या मात्र महापालिकेच्या परवानगीशिवाय तोडू नका, १९७५चा वृक्ष कायदा आड येतो. आणि फाटक एकच असेल तर दुसरं उघडा. एका फाटकात टोळकं उभं राहिलं की बायका आत पाऊलच टाकत नाहीत.