बागेतल्या फुलांचे रंग काढून लोकर घरीच रंगवायची आहे. वसंतात त्याचं काय विणता येईल?

ताई, तुम्ही लिहिलंय की पांढऱ्या लोकरीच्या लड्या घरात पडून आहेत, अंगणात जास्वंद, झेंडू आणि जांभळी पिटुनिया फुललीय, आणि त्या फुलांचाच रंग काढून काहीतरी हलकंसं विणायचंय. काय विणायचं ते सांगते, पण आधी दुसरंच सांगायला हवं.

जास्वंदीचा रंग लोकरीवर टिकत नाही. पिटुनियाचा नाही, लाल गुलाबाचा नाही, गोकर्णाचाही नाही. तुरटी घाला, लिंबू घाला, मीठ घाला, काय वाटेल ते घाला. इतकं ठासून सांगतेय कारण या एका गोष्टीवरून आमच्या घरात वर्षानुवर्षं माझ्यावर आळ आहे.

आमच्या जाऊबाईंची बाग बघण्यासारखी आहे, हे मी स्वतः चार लोकांत सांगते. पुतणीच्या बाळासाठी शाल करायचं ठरलं तेव्हा वाटणी झाली: रंग त्यांच्या बागेतले, रंगवणं आणि विणणं माझं. गुलाबी जास्वंदीचा, पिवळा झेंडूचा, तांबूस कांद्याच्या सालींचा. जास्वंदीबद्दल मी तेव्हाच कुरकुर केली होती. त्यावर "फुलाचा रंग फुलातच असतो, तुझ्या पुड्यांत नसतो" असं उत्तर मिळालं. त्या थोरल्या. मी गप्प बसले.

लोकरीने रंग धरावा म्हणून तिन्ही लड्या मी आधी एकाच पातेल्यात, एकाच वेळी तुरटीच्या पाण्यात घातल्या. तीनशे ग्रॅम लोकर, तिच्या वजनाच्या पंधरा टक्के तुरटी, म्हणजे ४५ ग्रॅम, काट्यावर मोजून. साधारण ८० अंशांवर तासभर ठेवलं, पातेल्यातच गार होऊ दिलं. हे सगळं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जास्वंदीची लडी बाहेर आली तेव्हा सुंदर होती, ते नाकारत नाही. किंचित जांभळटाकडे झुकलेला गुलाबी, आणि जिथे लडीला दोरी जरा घट्ट बांधली होती तिथे बारीक पांढरे ठिपके. जाऊबाई ती लडी घेऊन घरभर फिरल्या. शाल झाली, पुतणीकडे गेली. बाळाची वस्तू ती, धुतली जाणारच. पुतणीने नेहमीच्या कपड्यांच्या साबणाने धुतली आणि फोटो पाठवला: गुलाबी पट्टा राखाडी-हिरवा. झेंडूचा पट्टा असलाच तर थोडा जास्तच पिवळा, कांद्याचा जसाच्या तसा. पुतणीने खाली लिहिलं होतं, "काकू, फुलं गेली, पानं उरली."

आणि जाऊबाईंचा निकाल आला: "तुरटी कमी पडली असेल गं तुझी. सगळ्यात हात आखडता." झालं. तेव्हापासून घरात काहीही विटलं की माझी तुरटी निघते. दिवाणखान्याचे पडदे उन्हाने विटले, तरी तुरटी. पडदे तर मी रंगवलेही नव्हते.

आता सगळ्यांसमोर विचारते. एका पातेल्यातली तुरटी झेंडूला पुरली, कांद्याला पुरली, आणि नेमकी जास्वंदीलाच कमी पडली?

कारण तुरटीत नव्हतं, जास्वंदीत होतं. जास्वंद, पिटुनिया, गोकर्ण, लाल कोबी, जांभूळ, या सगळ्यांचा लाल-जांभळा-निळा रंग ॲन्थोसायनिन नावाच्या द्रव्यांचा. आम्लात लाल, मधे जांभळा, अल्कलीत निळा-हिरवा, असा तो पाणी बदलेल तसा बदलतो. शाळेत लिटमसचा प्रयोग केलात ना, त्याचाच भाऊ. कपड्यांचा साबण अल्कलीधर्मी, तेव्हा गुलाबीचा हिरवट होणारच. साबणातून वाचला असता तर उन्हाने खाल्ला असता, कारण उजेडातही ही द्रव्यं लवकर मोडतात. झेंडूतली आणि कांद्याच्या सालीतली पिवळी द्रव्यं वेगळ्या स्वभावाची. ती तुरटीतल्या ॲल्युमिनियमला धरतात, ॲल्युमिनियम लोकरीला धरतं, आणि ती साखळी साध्या धुण्याने सुटत नाही.

मला विचाराल तर, झेंडूसारखा अपवाद सोडला, तर फुलाच्या पाकळीकडून पक्क्या रंगाची अपेक्षाच चूक आहे. पाकळीचं काम मधमाशीला बोलावणं, आणि ते चार दिवसांत संपतं. टिकाऊ रंग बहुतेक करून मुळात, पानात, सालीत सापडतात. तांबडा हवा तर मंजिष्ठेची मुळं (पाणी ७० अंशांच्या वर जाऊ देऊ नका, तपकिरी झाक येते). निळा हवा तर नीळ. तिला तुरटी लागत नाही, पण तिचं पाणी प्राणवायू काढून तयार करावं लागतं, आणि लडी त्यातून पिवळट-हिरवी निघते आणि हवेत डोळ्यांदेखत निळी होते. जे एकदा तरी बघावं असं मी कुणालाही सांगेन ते हेच. पिवळ्यासाठी तुमचा झेंडू आहेच: ताजी फुलं लोकरीच्या वजनाइतकी तरी घ्या, जास्त असली तर बरं. पिवळ्या लडीला निळीत बुडवलं की हिरवा. या तिघांत अख्खी बाग बसते.

माझा शब्द घेऊ नका. प्रत्येक रंगाचा एकेक धागा पुठ्ठ्यावर गुंडाळा, अर्धा भाग काळ्या कागदाने झाका, आणि पुठ्ठा उन्हाच्या खिडकीत दोन आठवडे ठेवा. कागद काढला की कळेल. आणि तुरटी मोजताना शेजारी एखादा साक्षीदार उभा करा, नंतर उपयोगी पडतो.

आता "केमिकल" या विषयाकडे येते, कारण खालच्या एका उत्तरात कुणीतरी विकतच्या रंगांना नाक मुरडलेलं दिसतंय. आमच्या जाऊबाईंचंही तेच. तुरटी काय झाडाला लागते? कारखान्यातली नीळ १८९७ पासून बाजारात आहे, आणि तिच्यातला निळा रेणू झाडाच्या निळीतला तोच. बागेचा रंग म्हणजे बागेत उभं राहिल्यावर डोळ्याला दिसतो तो. तो कशातून काढला हे शालीला विचारून कळत नाही, धुतल्यावर कळतं. म्हणून जास्वंदीचा गुलाबी आणि पिटुनियाचा जांभळा मी सरळ लोकरीसाठी मिळणाऱ्या ॲसिड डायने करते. नावाला घाबरू नका, आम्ल म्हणजे व्हिनेगर नाहीतर सायट्रिक ॲसिड. शंभर ग्रॅम लोकरीला एक ग्रॅम रंग घेतला तर भरगच्च छटा येते. वसंताचे फिके रंग हवे असतील तर त्याचा पाव भागही पुष्कळ झाला. लोकर आधी निदान अर्धा तास भिजवा. सायट्रिक ॲसिड लोकरीच्या वजनाच्या तीन-चार टक्के. हळूहळू ८५ अंशांपर्यंत न्या, अर्धा तास ठेवा, आणि पाणी नितळ झालं की गॅस बंद. लडी पाण्यातच गार होऊ द्या. गरमातून काढून थंड नळाखाली धरलीत किंवा ढवळत बसलात, तर लोकरीची लोकर राहत नाही, नमदा होतो.

रंग निवडताना एकच सांगणं, आणि यावरही माझं आणि जाऊबाईंचं वाजलंय. तुम्ही लिहिलेले रंग गुलाबी, जांभळा, पिवळा, केशरी. हिरवा कुठाय? बाग म्हणून जे आवडतं त्यात फुलं थोडी असतात, बाकी सगळी पानं, काड्या, माती. पाच लड्या असतील तर तीन हिरव्या-करड्या-मातकट रंगवा, दोनच फुलांना द्या. आणि हिरवाही पुडीतला तसाच घेऊ नका, तो प्लास्टिकच्या पानासारखा दिसतो. त्यात पिवळा वाढवा आणि लालाचा अगदी कणभर घाला, की तो खाली बसतो, पानाचा होतो. मी खरं पान पातेल्याशेजारी ठेवते. एक धागा काढून, टिपून, इस्त्रीखाली वाळवून पानावर धरते, कारण ओली लोकर नेहमी गडद दिसते आणि ओल्यावर भरवसा ठेवला की वाळल्यावर सगळं फिकं निघतं.

असा जमवलेला माझा हिरवा जाऊबाईंनी गुलाबी लडीशेजारी ठेवला आणि "मळकट" म्हणाल्या. मी काही बोलले नाही. लडी उचलली, बागेत गेले आणि शेवंतीच्या ताटव्यावर ठेवली. दोन पावलं मागे सरकलं की कुठे आहे ते शोधावं लागत होतं. त्या म्हणाल्या, "उन्हात काय, काहीही चांगलं दिसतं."

ही तक्रार जुनी आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात, जिथे भिंतीवर लावायची मोठी विणीव चित्रं बनत, तिथे शेव्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ १८२४ साली रंगकामाचा प्रमुख म्हणून आला. काळा रंग निळ्या-जांभळ्याच्या शेजारी फिका पडतो, म्हणजे रंगाऱ्यांनीच कमी रंग घातला, अशी ओरड त्याच्यापुढे आली. त्याने तपासलं तर काळ्यात काहीच खोट नव्हती. शेजारच्या रंगामुळे डोळा तो तसा बघत होता. १८३९ साली त्याने यावर जाडजूड ग्रंथच लिहिला. तर रंगाऱ्यावर आळ घेण्याची परंपरा मोठी आहे, एवढंच म्हणते. तुम्ही मात्र लड्या शेजारी शेजारी ठेवून, दिवसाच्या उजेडात बघूनच क्रम ठरवा. जांभळ्याला पिवळा लागून आला की दोन्ही भडकतात. मधे हिरव्याच्या दोन ओळी आल्या की दोघं नांदतात.

एकाच लडीत अनेक रंग ओतणार असाल तर हेच जास्त सांभाळा. ओला जांभळा ओल्या पिवळ्यात उतरला की सांध्यावर चिखल होतो. मधे बोटभर लोकर कोरी सोडा. तिथे दोन्हीकडून जे उतरायचं ते उतरू दे.

विणायचं काय? शाल. एका कोपऱ्यापासून सुरू होणारी त्रिकोणी शाल, जाडसर सुयांवर, सैल हाताने. शंभर ग्रॅमला चारशे मीटर भरेल अशी बारीक लोकर असेल तर एका लडीत गळ्यापुरती, दोनांत खांद्यावर येणारी होते. त्रिकोणी एवढ्यासाठी की हाताने रंगवलेल्या लडीत रंग ठरावीक अंतराने परत येतात. सरळ पट्टी विणली आणि ओळीची लांबी त्या अंतराशी जुळली, की एकाच जागी गुलाबीचं डबकं साचतं. त्रिकोणात दर ओळीला टाके वाढतात, त्यामुळे रंग सरकत राहतो. स्वेटरच करायचं असेल तर दोन लड्या घेऊन दोन-दोन ओळी आलटून पालटून विणा, कारण घरी रंगवलेल्या दोन लड्या, एकाच पातेल्यातल्या असल्या तरी, जुळ्या नसतात. आणि लागेल तेवढी सगळी लोकर एकदमच रंगवा. तोच रंग पुन्हा येत नाही.

बहुरंगी लडीवर जाळीची नाजूक वीण करू नका. जाळी दिसत नाही, रंगही दिसत नाही, मेहनत तेवढी होते. सगळ्या ओळी सुलट विणा, फार तर अधूनमधून एक टाका न विणता सरकवा, रंग छान मोडतो. जाळी एकरंगी झेंडूच्या लडीवर करा, तिथे ती शोभेल. ज्यांना वाटतं की साधी वीण म्हणजे येत नाही म्हणून केलेली, त्यांना वाटू द्या.

हो, राहिलंच. रंगाचं पातेलं, चमचा, गाळणी वेगळी ठेवा, पुन्हा स्वयंपाकात आणू नका, तुरटीचं असलं तरी. पूड मोजताना नाकावर मास्क बांधा, ती हवेत उडते. झेंडूच्या रंगात चिमूटभर हिराकस (लोखंडाचा क्षार) टाकला तर सुरेख शेवाळी हिरवा येतो, पण हात सैल सोडलात तर लोकर खरखरीत होते. वजनाच्या दोन टक्क्यांवर जाऊ नका.

आणि हे सगळं लोकरीचं. वसंतात गरम होतं म्हणून मधेच सुती धागा आणलात तर गणित बदलतं. ॲसिड डाय सुताला धरतच नाहीत. त्याला धुण्याच्या सोड्यावर बसणारे रिॲक्टिव्ह रंग लागतात, ते पाणी न तापवताही बसतात. झेंडूनेच रंगवायचं तर सूत आधी हिरड्याच्या काढ्यात बुडवा, मग तुरटीत. आणि सुताला लोकरीसारखा ताण नसतो, तेव्हा काठाला एक सुलट एक उलट घालणार असाल तर ते टाके दोन नंबर बारीक सुईवर घाला, नाहीतर पहिल्याच धुण्यात काठ लोंबेल.